आधी सीडी, मग वायर

दूध तपासायचं मशीन आमच्या घरात आलं तेव्हा सोबतचा कागद कुणी वाचला नाही, पण नारळ लगेच फुटला. पुढच्या चार दिवसांत जो गोंधळ झाला तो सगळा या एका वाक्यात आला. तरी सविस्तर लिहिते, कारण हल्ली माझा मुलगा ही गोष्ट लोकांना वेगळीच सांगतो. त्याच्या गोष्टीत कागद वाचणारा तो स्वतः असतो.

आमची वस्ती घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या बाजूला. माझं माहेर दौंड तालुक्यातलं खुटबाव. तिथल्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले. पुढं शाळा होती, पण घरात गुरं होती आणि ती कुणीतरी राखायला हवी होती. एवढंच माझं शिक्षण. मराठी वाचते, हिशोबापुरतं लिहिते, इंग्रजी येत नाही.

वस्तीवर तीस-पस्तीस घरं आणि प्रत्येकाच्या दारात दोन-चार गाई. दूध घालायला आम्ही रस्त्यापलीकडच्या एका माणसाकडे जायचो. तो फॅट बघायचा, आकडा तोंडानं सांगायचा आणि वहीत लिहायचा. तोंडातला आकडा आणि वहीतला आकडा एकच असला असं क्वचित व्हायचं. रोज सकाळी भांडण, संध्याकाळी भांडण. शेवटी डेअरीनं त्याचं केंद्र बंद केलं आणि नवा नियम काढला. मशीननं दूध तपासायचं, आकडा वायरीतून थेट कॉम्प्युटरवर जायचा आणि स्लिप तिथूनच निघायची. माणसानं मध्ये हात घालायचा नाही. हे ज्याच्या घरी जमेल त्याला केंद्र.

माझ्या सुनेनं अर्ज केला. ती बी.कॉम. आहे. लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षं ती कांदा खुरपते. कांद्याला बी.कॉम. लागत नाही हे मला ठाऊक आहे. पण बी.कॉम. झालेली बाई जन्मभर वाफ्यात बसवणं ही नासाडी आहे, एवढं मला कळतं. नोकरीला पुण्याला जायचं तर घर कोण बघणार हा प्रश्न. जवळपास कुठं जायचं तर पहाटे उसातून वाट, आणि उसात बिबट्या. म्हणजे तिला काही मिळायचं असेल तर ते या घरात, या ओटीवरच मिळणार होतं. आठवडाभर तिनं वस्तीवरच्या सगळ्या दूध घालणाऱ्यांची नावं आणि नंबर कॉम्प्युटरात भरले. कॉम्प्युटर घरात आधीपासून होता. मुलानं शेतीच्या कामासाठी म्हणून आणला होता आणि त्यावर क्रिकेट बघायचा.

डेअरीचा सुपरवायझर मशीन ठेवून गेला. जाताना म्हणाला, ‘‘सोमवारी सकाळी येतो. पडद्यावर आकडा आला तर केंद्र तुमचं. नाही आला तर वरच्या मळ्यातला दुसरा अर्ज आहे माझ्याकडं.’’ हा दिवस बुधवारचा.

मशीनच्या पाठीला जुन्या पद्धतीचं तोंड असतं, बारीक बारीक पिनांचं. कॉम्प्युटरला यूएसबीचं चपटं भोक. दोघांची गाठ घालायला एक वायर दिली होती, एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते. वायरीच्या पिशवीत पुरीएवढी एक छोटी सीडी होती आणि घडी घातलेला एक कागद.

माझा धाकटा दीर पंचांग बघतो. कुणी विचारलं नाही तरी बघतो. तो बुधवारी संध्याकाळीच आला.

‘‘वहिनी, उद्या गुरुवार, नऊ वीस. त्याच्यापुढं चांगली येळ सोमवारपतुर न्हाई.’’

‘‘नऊ वीसला काय करायचं?’’

‘‘मशीन कॉम्प्युटरला जोडायचं. जोडणं म्हंजी लगीनच की.’’

‘‘मग आंतरपाट आणू का?’’

तो हसला नाही. मुहूर्ताच्या बाबतीत त्याला चेष्टा चालत नाही.

गुरुवारी सव्वानऊला ओटीवर टेबल मांडलं. मुलानं मशीनवर गंधाचं स्वस्तिक काढलं, कॉम्प्युटरला हार घातला, उदबत्ती लावली. नारळाचं पाणी की-बोर्डात जाता जाता राहिलं. सुनेनं तो कागद उलगडायला घेतला तेवढ्यात मुलानं त्याच्यावर हळदी-कुंकवाचं ताट ठेवलं, टेबलावर दुसरीकडं जागा नव्हती म्हणून.

सून म्हणाली, ‘‘अहो, आधी त्या सीडीचं काहीतरी असतं.’’

‘‘सीडी घालायला आपल्या कॉम्प्युटरला जागाच न्हाई. ती जुन्या जमान्याची पद्धत झाली. जोड आधी, येळ निघून चालली.’’

‘‘नऊ वीस! नऊ वीस!’’ दिरानं हातातलं घड्याळ वर धरलं.

मुलानं वायर खोचली. कॉम्प्युटरनं टुंग केलं. दिरानं हात जोडले. सगळ्यांनी पेढा खाल्ला आणि मग दूध लावलं. मशीननं आपल्या छोट्या काचेवर आकडा दाखवला. कॉम्प्युटरवर काहीच आलं नाही.

सुनेनं कॉम्प्युटरातली एक यादी उघडून दाखवली. कॉम्प्युटरला जे जे जोडलेलं असतं त्याचं नाव त्या यादीत असतं. आमच्या वायरीच्या नावापुढं पिवळा त्रिकोण होता आणि त्रिकोणात उद्गारचिन्ह. ते मला ओळखता आलं, चौथीत झालं होतं. सून म्हणाली, ड्रायव्हर बरोबर बसला नाही. दीर म्हणाला, ‘‘ड्रायव्हर न्हाई तर गाडी कशी चालंल?’’ आणि स्वतःच हसला. तास-दोन तासांनी मुलाचा एक मित्र आला, त्यानंही तेच म्हटलं आणि तोही हसला.

सीडी मी उचलली. तिला जागाच नाही म्हटल्यावर माझ्या दृष्टीनं तिचा एकच उपयोग होता. दोरा ओवला आणि डाळिंबाच्या झाडाला टांगली. चकाकतं काही हललं की पाखरं घाबरतात असं म्हणतात. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

शुक्रवारी मुलानं शिरूरहून एक कॉम्प्युटरवाला आणला. बॅग पाठीला, दोन मोबाइल, त्यातला एक सारखा कानाला. त्यानं त्रिकोण बघितला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, ‘‘आजी, ड्रायव्हर न्हाई म्हणून गाडी अडली तुमची.’’

मी म्हटलं, ‘‘हे दोन दिवसांत तिसऱ्यांदा ऐकते. पुढचं बोला.’’

मोबाइलवरून इंटरनेट देऊन त्यानं कॉम्प्युटरला नवा ड्रायव्हर शोधायला सांगितलं. कॉम्प्युटरनं उत्तर दिलं की सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे.

‘‘बघा, बेस्ट ड्रायव्हर हाय.’’

‘‘मग चालत का न्हाई?’’

‘‘तेच बघतोय ना, आजी.’’

बघणं म्हणजे कॉम्प्युटर बंद करून चालू करणं. सात वेळा केलं, मी मोजलं. प्रत्येक वेळी पडदा काळा झाला की तो मान हलवायचा, जसं काही आत त्याला काही दिसलं. एवढं तर आमचा मुलगाही फुकटात करत होता. सातव्यांदा त्यानं बॅग भरली. म्हणाला वायर खराब आहे, पुण्याहून मागवावी लागेल, बुधवारपर्यंत येईल. मी विचारलं, सोबतचा कागद बघितला का. तो म्हणाला, ‘‘आजी, त्या कागदात काय नसतंय. कंपनीवाले उगं टाकत्यात. तुम्हाला नाही कळायचं ते.’’

बुधवार म्हणजे सोमवार गेला. दूध घालणाऱ्यांची नावं जिच्यात उतरवून आणली होती ती वही सुनेनं कपाटात ठेवली, साडी खोचली, खुरपं घेतलं आणि कांद्यात गेली. मुलगा म्हणाला, ‘‘जाऊ दे, नशिबात नव्हतं.’’ नशिबाला आमच्या घरात फार कामं लावतात. माणसानं कंटाळा केला की उरलेलं नशिबानं करायचं.

शनिवारी सकाळी ताट घासायला घेतलं तेव्हा खाली चिकटलेला कागद निघाला. तेल आणि कुंकू लागून अर्धा लाल झाला होता. मला इंग्रजी येत नाही म्हणून मी चित्रं बघितली. मुलाला आणि त्या शिरूरवाल्याला इंग्रजी येतं म्हणून त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. पहिल्या चित्राला एकचा आकडा. त्यात कॉम्प्युटर, शेजारी सीडी, आणि वायरीवर मोठी फुली. दुसऱ्या चित्राला दोनचा आकडा. त्यात वायर कॉम्प्युटरला लावलेली, फुली नाही. बालवाडीतल्या पोराला कळेल असं चित्र. आम्ही मुहूर्त साधायला दोन आधी केलं होतं आणि एक केलंच नव्हतं.

मी बांधावर गेले आणि सुनेला हाक मारली.

‘‘हे वाच.’’

तिनं खुरपं ठेवलं, हात पुसले आणि वाचलं. वाचता वाचता ती उभी राहिली.

‘‘आत्या, ह्यात सरळ लिवलंय. सीडीतलं आधी बसवा, तोवर वायर लावू नका. आधी लावली तर कॉम्प्युटर आपल्या मनानं दुसराच ड्रायव्हर बसवतो आन् मग त्योच धरून बसतो.’’

‘‘हा ड्रायव्हर म्हंजी नक्की काय? गाडीचं सांगू नको.’’

‘‘मशीन आकडे पाठवतंय, पण त्याची पाठवायची एक रीत असती. वायरीची बी एक रीत असती. कॉम्प्युटरला ती ठावकी नसती. ती रीत ज्यात लिवलेली असती त्यो ड्रायव्हर. हरेक वस्तूचा येगळा.’’

मला ते बैलबाजारावरून कळलं. लहानपणी वडिलांबरोबर मी बाजारात गेलेली आहे. दलाल रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडातून शब्द नाही. ज्याला बोटांची खूण माहीत त्यालाच भाव कळणार. आता एका बाजाराचा दलाल दुसऱ्या बाजारात आणून बसवला, त्याच्या खुणा वेगळ्या, तर समोरचा बोटं दाबून दाबून थकेल आणि ह्याला काही कळणार नाही. आमच्या कॉम्प्युटरात तसला दलाल बसला होता. कॉम्प्युटरला वाटत होतं की आपला माणूस उत्तम आहे. त्याला उठवल्याशिवाय खरा माणूस बसणार नव्हता. वायर चांगली होती आणि मशीनही चांगलं होतं. चूक क्रमाची होती.

‘‘पण सीडी कुठंय?’’ सुनेनं विचारलं.

‘‘डाळिंबाला.’’

मी गेले आणि दोरा सोडून घेऊन आले.

दोघी दुपारच्या गाडीनं शिरूरला गेलो. एसटी स्टँडजवळ एक बाई झेरॉक्सचं दुकान चालवते. तिच्याकडं जुना कॉम्प्युटर आहे, त्याला सीडी ठेवायचा कप्पा आहे. सुनेनं सीडीतलं सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन द्यायला सांगितलं. बाईनं सीडी उलटीपालटी केली.

‘‘मावशी, ह्याला दोरा कशाचा?’’

‘‘डाळिंबाला बांधली होती. पाखरांसाठी.’’

‘‘आन् हे पांढरं काय पडलंय?’’

‘‘पाखराचं.’’

‘‘म्हंजी पाखरं लईच घाबरली म्हणायची.’’

तिनं ओल्या फडक्यानं सीडी पुसली, कप्प्यात ठेवली, कप्पा आत गेला. सून हातात पदर पिळत होती. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग बाई म्हणाली, ‘‘आलं सगळं.’’ त्या दुकानात ना हार होता ना उदबत्ती. पाच मिनिटांत काम झालं.

रविवारी मी मुद्दाम दुपारचं सगळं काम उरकू दिलं. साडेचारला टेबलाशी गेलो. दिराला कुणी सांगितलं माहीत नाही, तो धावत आला.

‘‘वहिनी, थांबा! रविवारचा साडेचार ते सहा राहुकाळ हाय. वायर मुहूर्तावर लावलेली हाय, ती आत्ता काढू नका.’’

‘‘मुहूर्तावर लावली म्हणूनच काढावी लागतीय.’’

‘‘सहानंतर काढा.’’

‘‘सहाला गाई कोण पिळणार, तुम्ही?’’

तो ओटीच्या कडेला बसला, काय वाटोळं होतं ते बघायला.

सून म्हणाली की इंटरनेट चालू असेल तर कॉम्प्युटर पुन्हा बाहेरून तोच चुकीचा ड्रायव्हर ओढून आणेल. इंटरनेट मुलाच्या मोबाइलवरून येत होतं. मी मोबाइल त्याच्या हातातून घेतला, बंद करायला लावला आणि पिठाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं.

‘‘आई, अगं पीठ जाईल त्यात!’’

‘‘जाऊ दे. तासभर तुझ्याशिवाय जग चालतंय का बघू.’’

सुनेनं यादीतून त्या त्रिकोणवाल्याला काढून टाकलं. काढताना कॉम्प्युटरनं विचारलं, नुसतं नाव काढू की ड्रायव्हरही पुसून टाकू? तिनं पुसायच्या चौकटीत खूण केली. हे त्या शिरूरवाल्यानं केलंच नव्हतं. तो बसलेल्या दलालालाच पुन्हा पुन्हा रामराम करत होता. मग तिनं वायर उपसली. पेन ड्राइव्हवरचं बसवलं. कॉम्प्युटर बंद करून एकदाच चालू केला. मग कागदाकडं बघून, दोनच्या चित्रावर बोट ठेवून, वायर खोचली.

टुंग. यादीत नाव आलं आणि त्रिकोण नव्हता. नावापुढं कंसात कॉम आणि पाच असा आकडा होता.

दूध लावलं. पडदा कोराच. मुलगा म्हणाला, ‘‘बघ.’’ सून म्हणाली, ‘‘थांबा.’’ डेअरीच्या प्रोग्रॅममध्ये मशीन एक नंबरच्या दारातून येणार असं लिहून ठेवलेलं होतं आणि आमचं मशीन पाच नंबरच्या दारात उभं होतं. तिनं एकाचे पाच केले. पुन्हा दूध लावलं. मशीननं दूध ओढलं, थोडा वेळ गुरगुरलं, आणि पडद्यावर आकडे आले. फॅट तीन पॉइंट नऊ, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा कस, आठ पॉइंट पाच. खाली पाण्याचा रकाना, त्यात शून्य.

सून ओरडली नाही. तिनं तेच दूध आणखी दोनदा लावून बघितलं. दोन्ही वेळा तेच आकडे. मग ती आत जाऊन पाणी प्यायली.

तेवढ्या वेळात मुलानं वायर काढली. समोरून दिसायला बरी दिसत नाही म्हणून त्यानं ती मागच्या भोकात लावली. पडदा पुन्हा कोरा. सुनेनं यादी बघितली तर पाचाचा सहा झाला होता. म्हणजे नंबर वायरीला नव्हता, भोकाला होता. भोक बदललं की दार बदलतं. तिनं वायर परत समोरच्या भोकात लावली, आणि मी तिची लाल नेलपॉलिश मागून घेऊन त्याच भोकाच्या शेजारी एक ठिपका दिला. कुंकू पुसलं जातं.

सोमवारी सकाळी सुपरवायझर आला तेव्हा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. सून दाराशी, हातात दुधाचं माप.

‘‘केंद्र कोण बघणार?’’ सुपरवायझरनं विचारलं.

‘‘मीच की,’’ मुलगा म्हणाला.

सुपरवायझरला डेअरीची कसली तरी फाइल कॉम्प्युटरात टाकायची होती. त्यानं समोरची वायर उपसली, आपला पेन ड्राइव्ह लावला, फाइल टाकली, पेन ड्राइव्ह काढला आणि वायर शेजारच्या भोकात खोचली. मग म्हणाला, ‘‘हं, लावा दूध.’’

दूध लावलं. पडदा कोरा. मुलानं माउस हलवला. आणखी हलवला. मग त्याला जे येतं ते केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कोराच. सुपरवायझरनं खिशातून पेन काढलं आणि आपला कागद पुढं ओढला. वरच्या मळ्यातला अर्ज मला दिसायला लागला.

सुनेनं माप खाली ठेवलं.

‘‘अहो, उठा.’’

‘‘आं?’’

‘‘उठा म्हणते. मला बसू द्या.’’

तो उठला. तिनं वायर काढून ठिपक्याच्या भोकात लावली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, दूध लावलं. आकडे आले. स्लिप निघाली. तिनं ती सुपरवायझरसमोर ठेवली.

‘‘हा लाल ठिपका कसला?’’ त्यानं विचारलं.

‘‘खूण हाय, साहेब. वायर ह्याच भोकात लावायची. दुसरीकडं लावली की नंबर बदलतो. मघाशी तुम्ही बदलली होती.’’

‘‘मी?’’

‘‘व्हय.’’

त्यानं कागदावर तिचं नाव लिहिलं. जाताना मुलाला म्हणाला, ‘‘नशीबवान आहात.’’ पुन्हा नशीब.

संध्याकाळी वस्ती दूध घालायला आली. सगळ्यांत पुढं दीर, किटली घेऊन. त्याची गाय चांगली आहे, ते मीही मान्य करते. सुनेनं दूध लावलं. फॅट दोन पॉइंट आठ. पाण्याच्या रकान्यात शून्य नव्हतं. रस्त्यापलीकडच्या वहीत त्याचं दूध इतकी वर्षं चारच्या खाली कधी उतरलं नव्हतं.

रांगेतले लोक पडद्याकडं बघायला पुढं सरकले.

दीर म्हणाला, ‘‘राहुकाळातलं मशीन हाय हे. खोटंच दाखवणार.’’

मी म्हटलं, ‘‘पाणी पण राहूनंच घातलं व्हय?’’

रांगेत हसू पसरलं. सून हसली नाही. तिनं स्लिप फाडून त्याच्या हातात दिली.

‘‘मामा, उद्या सकाळी परत लावून बघू, सगळ्यांच्या देखत. आत्ता बाजूला व्हा, मागं लोकं खोळंबल्यात.’’

तो बाजूला झाला. तिनं पुढची किटली मागितली. कांद्याच्या खुरपणीला आता मी मजुरीची बाई लावली आहे. सीडी परत डाळिंबाला टांगली आहे, पाखरांना बसायला.